बाप्तिस्म्याआधीचे घर : कॅथलिक बालबाप्तिस्म्याच्या तयारीचे विवेचन

१. प्रश्न

मराठवाड्यात मूल जन्मले की बाराव्या दिवशी पाळणा सजतो, घुगऱ्या वाटल्या जातात आणि आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. मराठी ख्रिस्ती घरालाही हा आनंद परका नाही. पण कॅथलिक आईबापांसमोर त्यापुढे आणखी एक काम असते, ते बाळाच्या बाप्तिस्म्याचे. तारीख, पांढरे कपडे, पाहुणे, जेवण यांचा विचार घरात आपोआप सुरू होतो. तयारी म्हणजे नेमके काय आणि ती कोणाची, हा विचार मात्र आपोआप सुरू होत नाही.

तयारी बोलणाऱ्यांची असते. बाळाला काही शिकायचे नसते, काही सिद्ध करायचे नसते. त्याच्या वतीने जे शब्द देणार, त्यांना त्या शब्दांचे वजन कळले पाहिजे. परभणीसारख्या जिल्ह्यात कॅथलिक कुटुंबे तुरळक आहेत. तेथे हे वजन जवळजवळ सगळे घरावरच येते. पुढील विवेचनाचा हाच गाभा आहे.

२. संस्काराचे स्वरूप

कॅथलिक चर्च सात संस्कार मानते. बाप्तिस्मा त्यांतला पहिला आणि इतरांचे दार. मूळ पापापासून मुक्ती, ख्रिस्तामध्ये नवा जन्म आणि चर्चचे सदस्यत्व या तीन गोष्टी तो देतो, अशी शिकवण आहे. त्याची मुद्रा पुसली जात नाही, म्हणून तो आयुष्यात एकदाच होतो.

बारसे आणि बाप्तिस्मा यांची गल्लत येथेच टाळली पाहिजे. बारशाने मूल नात्यागोत्यात नावानिशी ओळखले जाते. बाप्तिस्म्याच्या सुरुवातीलाही धर्मगुरू नाव विचारतात, पण नाव ठेवणे हा त्या विधीचा हेतू नसतो. लगेच दुसरा प्रश्न येतो : या बाळासाठी तुम्ही चर्चकडे काय मागता? आईबापांना तयार व्हायचे असते ते या दुसऱ्या प्रश्नासाठी.

३. उलटलेला क्रम

प्रौढ माणूस बाप्तिस्मा घेतो तेव्हा आधी दीर्घ शिकवण होते आणि मग पाणी. बाळाच्या बाबतीत हा क्रम उलटतो : पाणी आधी, शिकवण मागून, आणि तीही वर्षानुवर्षे. मधली जागा कोणीतरी भरून काढायची असते.

जुन्या रोमन विधीत ही जागा नीट दिसत नव्हती. धर्मगुरू प्रश्न बाळालाच उद्देशून विचारत आणि धर्मपिता-धर्ममाता बाळाच्या वतीने उत्तर देत. आईबाप बाजूला राहत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात सांगितले, की बालबाप्तिस्म्याचा विधी बाळाच्या खऱ्या स्थितीला धरून असावा आणि आईबाप व धर्मपालकांची कर्तव्ये त्यात स्पष्ट व्हावीत. त्यानुसार १५ मे १९६९ रोजी नवा विधी जाहीर झाला. आता प्रश्न थेट आईबापांना असतात. मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्ही घेत आहात, ती तुम्हाला समजली आहे का, असे त्यांना सर्वांसमोर विचारले जाते. पुढे पापाचा नकार आणि श्रद्धेचा उच्चार ते स्वतःचा म्हणून करतात. जे समजलेच नाही त्याला कोणी प्रामाणिकपणे होकार देऊ शकत नाही. तयारीची गरज या एका प्रश्नातून जन्मते.

४. कायद्याची चौकट : साधार आशा

चर्चच्या १९८३ च्या विधिसंहितेत तीन कलमे येथे महत्त्वाची आहेत. कलम ८६७ प्रमाणे बाप्तिस्मा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हावा आणि आईबापांनी जन्मानंतर लवकरात लवकर, शक्य तर आधीच, धर्मगुरूंची भेट घ्यावी. कलम ८५१ आईबाप आणि धर्मपालकांना संस्काराचा अर्थ व कर्तव्ये शिकवण्याची जबाबदारी धर्मगुरूंवर टाकते. त्यासाठी अनेक कुटुंबांना एकत्र बोलावणे आणि शक्य तेथे घरी जाणे हे मार्ग ते सुचवते. कलम ८६८ दोन अटी घालते : आईबापांपैकी किमान एकाची संमती, आणि मूल कॅथलिक श्रद्धेत वाढेल अशी साधार आशा.

ही ‘साधार आशा’ अनेकांना धास्तावते. मिस्सेला रोज न जाणाऱ्या आईबापांना वाटते, आपली परीक्षा होणार. २० ऑक्टोबर १९८० च्या रोमच्या निर्देशाने तिचा अर्थ उलगडला आहे. त्यात दोन तत्त्वे शेजारी ठेवली आहेत : बाप्तिस्मा ही देणगी आहे, ती विनाकारण लांबवू नये, आणि देणगी वाढेल याची हमी हवी. हमी मोठी असावी लागत नाही. आईबाप कमी पडत असतील, तर जबाबदारी खरोखर उचलणारे धर्मपालक किंवा समाजाचा आधारही पुरतो. आशेला काहीच आधार नसेल, तर बाप्तिस्मा पुढे ढकलला जातो आणि कारण सांगितले जाते. पुढे ढकलणे हा नकार नसतो. ती तयारीला दिलेली मुदत असते.

५. परभणीची परिस्थिती

परभणी औरंगाबाद धर्मप्रांतात मोडते. १७ डिसेंबर १९७७ रोजी अमरावती धर्मप्रांतातून वेगळा काढून त्याची स्थापना झाली. त्याचा विस्तार मराठवाडाभर आहे, पण लोकसंख्येत कॅथलिकांचे प्रमाण अगदी अल्प आहे. वसईशी तुलना केली की फरक लक्षात येतो. वसईच्या कॅथलिक गावात मुलाला श्रद्धा हवेतून मिळते. घंटा, सण, शेजारी, शाळा, मिरवणूक, सगळेच त्याला शिकवत असतात. घर थोडे ढिले पडले तरी गाव सावरते.

जिंतूर, पालम किंवा सोनपेठच्या एखाद्या गावातल्या मुलाला हे गाव मिळत नाही. वर्गात तो बहुधा एकटाच ख्रिस्ती असतो. मिस्सेसाठी तालुक्यातून जिल्ह्याच्या ठिकाणी यावे लागले, तर एसटीचे वेळापत्रक आणि दिवसाची मजुरी दोन्ही आड येतात. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात बाळ जन्मले, तर आईबाप कित्येक महिने फडावर असतात आणि रविवारचे वर्ग त्यांच्या उपयोगाचे नसतात.

यातून निष्कर्ष निघतो. कायदा वसईला आणि परभणीला एकच आहे, पण साधार आशेचा आधार दोन्हीकडे सारखा नसतो. जेथे गाव शिकवत नाही तेथे घराने शिकवावे लागते. म्हणून येथे एका छापील कार्यक्रमापेक्षा कलम ८५१ मधली घरभेट मोलाची ठरते. ऊसतोडीच्या घरासाठी शिकवण स्थलांतराआधी, आई गरोदर असतानाच उरकणे शहाणपणाचे. संहितेने ‘जन्माआधीच’ भेटायला सांगितले आहे, ते या घरांना नेमके लागू पडते.

६. तयारीचे घटक

अ) शिकवण. आईबापांना विधीची चिन्हे उमजली पाहिजेत : कपाळावरचा क्रूस, छातीवरचे तेल, पाणी, डोक्यावरचे सुगंधी पवित्र तेल, पांढरे वस्त्र, आणि पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली छोटी मेणबत्ती. श्रद्धेचे प्रश्न घरी मोठ्याने वाचावेत आणि प्रत्येकावर एकमेकांशी बोलावे. शिकवण घरच्या बोलीत व्हावी. ख्रिस्ती विचार मराठीत मांडण्याची परंपरा १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’इतकी जुनी आहे, आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आज घरी वाचता येते. रोज रात्री पाळण्याजवळ केलेली दोन मिनिटांची प्रार्थना कोणत्याही वर्गाइतकीच तयारी आहे.

आ) धर्मपालक. एक धर्मपिता किंवा एक धर्ममाता पुरते. दोघे असल्यास एक पुरुष, एक स्त्री. साधारणपणे वय १६ पूर्ण हवे. ती व्यक्ती कॅथलिक असावी, तिचे दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तशरीर स्वीकार झालेला असावा, जगणे त्या भूमिकेला साजेसे असावे. मुलाचे आईबाप स्वतः धर्मपालक होऊ शकत नाहीत. आपल्याकडे मामा आणि आत्या यांचा मान मोठा, त्यामुळे निवड नात्यावर होते. नात्याला हरकत नाही. विचारायचे एवढेच, की मूल बारा वर्षांचे होऊन अवघड प्रश्न विचारील तेव्हा ही व्यक्ती त्याच्याशी बोलायला असेल का?

इ) नाव. संतांचेच नाव हवे अशी सक्ती आता नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावे, इतकेच कलम ८५५ सांगते. तेव्हा मराठी नाव निःशंकपणे ठेवावे.

ई) कागद. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. जन्मदाखल्यावरचे आणि बाप्तिस्मा नोंदवहीतले नाव, आईबापांची नावे आणि जन्मतारीख जुळवून घ्यावी. दृढीकरण आणि लग्न यांच्या नोंदी पुढे याच वहीत चढतात, त्यामुळे आजची चूक वीस वर्षांनी अडते.

दलित ख्रिस्ती घरांनी आणखी एक गोष्ट उघड्या डोळ्यांनी समजून घ्यावी. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांना मिळतो, ख्रिश्चनांना नाही. बालपणी बाप्तिस्मा झालेल्या आणि ख्रिस्ती आचरण चालू असलेल्या एका स्त्रीला हिंदू अनुसूचित जातीचा दाखला नाकारण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २६ नोव्हेंबर २०२४ रोजी कायम ठेवला. हा भार अन्यायाचा आहे असे मी मानतो. पण तो झाकून घेतलेला होकार पूर्ण नसतो. तयारीत ही चर्चा मोकळेपणाने व्हावी.

७. मिश्र कुटुंबे

मराठवाड्यात प्रॉटेस्टंट मिशनांचे काम जुने आहे, म्हणून आई कॅथलिक आणि वडील प्रॉटेस्टंट अशी घरे असतात. वडिलांचा बाप्तिस्मा पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असेल, तर कॅथलिक चर्च तो मानते, पुन्हा देत नाही. प्रॉटेस्टंट काका धर्मपिता होऊ शकत नाहीत. कॅथलिक धर्मपालकासोबत ते ख्रिस्ती साक्षीदार म्हणून मात्र उभे राहू शकतात.

जोडीदार हिंदू किंवा बौद्ध असेल, तर कॅथलिक जोडीदाराने लग्नाच्या वेळी मुलांना आपल्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सर्व करण्याचे वचन दिलेले असते आणि दुसऱ्याला त्याची कल्पना दिलेली असते. तयारीत दुसऱ्या जोडीदाराला आणि आजीआजोबांना सन्मानाने बसवावे. ते मूल त्यांचेही आहे. आजी विधीत काही म्हणणार नाही, पण काय चालले आहे हे तिला कळले, तर तीच पुढे नातवाला रविवारी तयार करून पाठवील.

८. जिवाला धोका

एका प्रसंगी सगळी तयारी गळून पडते. बाळ अत्यवस्थ असेल तर विलंब न करता बाप्तिस्मा द्यावा. तेव्हा धर्मगुरूच हवेत असे नाही. चर्च जे करते तेच करण्याचा हेतू असलेली कोणतीही व्यक्ती, ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा, बाळाच्या डोक्यावर पाणी ओतत ‘मी तुला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देते’ (पुरुष असल्यास ‘देतो’) असे म्हणून बाप्तिस्मा देऊ शकते. यातला ‘मी’ हा शब्द बदलू नये; ‘आम्ही’ म्हटल्यास बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा निर्वाळा रोमने ६ ऑगस्ट २०२० रोजी जाहीर केला. बाळ वाचले तर उरलेले विधी पुढे चर्चमध्ये पूर्ण होतात, पाणी पुन्हा ओतले जात नाही. दवाखाना दूर असलेल्या खेड्यात प्रत्येक गरोदर आईला आणि तिच्या सासूला हे माहीत असावे.

या अपवादातून नियमही स्पष्ट होतो. संस्कार तयारीवाचून अपुरा राहत नाही. देणारा देव आहे, तो पूर्णच देतो. तयारी लागते ती मिळालेले जपणाऱ्या हातांना.

९. समारोप

बाप्तिस्म्याच्या दिवशी पेटवलेली मेणबत्ती धर्मगुरू आईबापांच्या आणि धर्मपालकांच्या स्वाधीन करतात. ही ज्योत तेवत ठेवा, असे सांगतात. बाळाचे हात ती धरू शकत नाहीत. वसईत ही ज्योत सांभाळायला शंभर हात असतील. परभणीजवळच्या एखाद्या वस्तीवर चारच असतील : आईचे दोन आणि बापाचे दोन. जन्माआधी घेतलेली धर्मगुरूंची भेट, पाळण्याजवळची प्रार्थना आणि विचारपूर्वक निवडलेली धर्ममाता यांनी त्या चार हातांना बळ येते. ते चार हात तयार असले, की पाहुणे थोडे आले किंवा जेवण साधे झाले, तरी त्या बाळाची तयारी पूर्ण झाली असे समजावे.