उमेशूची बरणी

आमच्या सोमाटण्याच्या टेकड्यांवर मृगाच्या तोंडावर करवंदं-जांभळं उतरतात, त्याच सुमारास जपानात ‘उमे’ची हिरवी फळं. उमे म्हणजे जर्दाळूचं भावंड. फळं, खडीसाखर आणि शोचू नावाची दारू बरणीत वर्षभर मुरली की झाली उमेशू! १६९७ च्या ‘होन्चो शोक्कान’ या ग्रंथातही तिची कृती आहे. कुणी साके वापरतं, कुणी ब्रँडी; काळ्या साखरेची उमेशू आपल्या गुळाच्या वळणाची. मी पीत नाही, तेव्हा चवीचं हे ऐकीवच. मला गोडी लागली ती तिच्या कायद्याची. १९६२ मध्ये जपान सरकारनं ही घरगुती बरणी कायदेशीर केली. विकायची नाही आणि द्राक्षं घालायची नाहीत, अशा काही अटी. आणि आपल्याकडे? इंग्रजांनी १८९२ च्या कायद्यानं ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवरच निर्बंध आणले, अबकारीचं उत्पन्न बुडू नये म्हणून. आदिवासी ती फुलं सुकवून खातही असत, बरं का.