आभासी संगणक : उभारणी आणि कसोटी

अहमदनगर जिल्ह्यात, २०२४ च्या नामांतरानंतरच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, लोणी, संगमनेर, कोपरगाव आणि विळद घाट येथे १९८० च्या दशकात अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली आणि तंत्रशिक्षण ग्रामीण विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले. मात्र संगणकाच्या विद्यार्थ्यापुढे एक अडचण कायम असते. प्रयोगशाळेतील संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून पाहण्याची मुभा सहसा मिळत नाही. घरी संगणक असला तर एकच, आणि त्यात धाकट्या भावंडांचा अभ्यास व वडिलांचा हिशेब. त्यावर प्रयोग फसला तर साऱ्या घराचेच काम अडते. यावरचा उपाय म्हणजे व्हर्च्युअल मशीन, अर्थात आभासी संगणक.

आभासी संगणक ही प्रत्यक्षात मूळ यंत्राच्या हार्ड डिस्कवरील काही फाइल्स आणि त्यांना चालविणारे सॉफ्टवेअर. आतील ऑपरेटिंग सिस्टीमला मात्र आपण स्वतंत्र यंत्रावर आहोत असेच वाटते. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्ये आपल्या मोठ्या संगणकांसाठी 'व्हीएम/३७०' जाहीर केले. घरगुती संगणकावर ही सोय १९९९ मध्ये व्हीएमवेअर वर्कस्टेशनने आणली. २००७ मध्ये व्हर्च्युअलबॉक्स मुक्त स्वरूपात उपलब्ध झाले. त्याच वर्षी केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. नवशिक्याने व्हर्च्युअलबॉक्सपासून सुरुवात करावी.

उभारणीला तासभर पुरतो. बहुतेकांचे घोडे अडते ते बायोसमध्ये. प्रोसेसरची आभासीकरणाची सोय तेथे बंद असेल तर ती आधी चालू करावी. आठ जीबी मेमरीच्या संगणकावर आभासी यंत्राला दोन जीबी द्यावी. चार जीबीच असेल तर एका जीबीत ग्राफिकल डेस्कटॉपविना डेबियन लिनक्स बसवावे. काळ्या पडद्याचे भय दोन दिवसांत जाते. आयएसओ फाइल अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि तिचा चेकसम ताडून पाहावा.

यंत्र सुरू झाले की शिक्षण संपले, असे अनेकांना वाटते. खरे शिक्षण तेथून पुढे आहे. प्रथम नेटवर्क तपासावे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये मूळची जोडणी 'नॅट' असते. आतून इंटरनेट चालते, पण बाहेरून आत थेट पोहोचता येत नाही. आत वेब सर्व्हर बसवूनही तो शेजारच्या संगणकावरून दिसत नाही, तेव्हा विद्यार्थी सर्व्हरला दोष देतो. चूक जोडणीत असते. 'ब्रिज्ड' जोडणी निवडून तोच प्रयोग पुन्हा करावा. त्यानंतर स्नॅपशॉट घ्यावा आणि आतील सिस्टीमच्या महत्त्वाच्या फाइल्स बेधडक पुसून टाकाव्यात. यंत्र उठत नाही याची खात्री झाल्यावर स्नॅपशॉटवर परतावे. जे परत उभे करून पाहिले नाही ते सुरक्षित आहे असे मानू नये.

वीज जाणे आपल्याकडे नवे नाही. त्याचीही तालीम आत करता येते. यंत्र चालू असताना 'पॉवर ऑफ' करावे आणि पुन्हा सुरू होताना फाइल सिस्टीम स्वतःला कशी सावरते ते पडद्यावर वाचावे. मूळ संगणकाची वीज गेली तर मात्र गोष्ट वेगळी, कारण स्नॅपशॉटही त्याच डिस्कवर असतात. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. त्यासाठी संपूर्ण यंत्र ओव्हीए फाइलच्या रूपाने निर्यात करून दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावे. पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' पद्धतीचा असेल तर चार जीबीहून मोठी फाइल त्यात मावत नाही. तो आधी 'एक्सफॅट' पद्धतीने फॉरमॅट करून घ्यावा.

हे कौशल्य केवळ परीक्षेपुरते नाही. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमधील मजकूर आणि विंडोज एक्सपीवरच चालणारी सॉफ्टवेअर अनेक छापखान्यांत व कार्यालयांत साठून आहेत. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचे पाठबळ एप्रिल २०१४ मध्ये संपले. जुने यंत्र बंद पडण्याआधी, वैध परवाना असल्यास, ते आभासी संगणकात हलविता येते. मात्र त्याचे नेटवर्क पूर्णपणे तोडून ठेवावे. सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल लागत असेल तर ते आतून ओळखले जाते काय, हे जुने यंत्र चालू असतानाच तपासावे.