मुहंदिस आणि गवंडी

मराठीत ‘अंदाज’ हा शब्द आपण ढोबळपणासाठी वापरतो. ‘अंदाजे दोन ब्रास वाळू लागेल’ म्हणजे थोडी कमी, थोडी जास्त. फारसीत मात्र ‘अंदाजा’ म्हणजे माप. या शब्दाचे जुने इराणी रूप अरबीत गेले आणि ‘हंदसा’ म्हणजे भूमिती झाले. भूमिती जाणणारा तो ‘मुहंदिस’. उर्दूत आपण आकड्याला ‘हिंदसा’ म्हणतो, तोही याच घरातला. आखातात काम करून आलेल्या कोकणी माणसाला ‘मुहंदिस’ शब्दाचा अर्थ शब्दकोशात बघावा लागत नाही. साइटवर डोक्यावर स्वच्छ हेल्मेट आणि हातात नकाशा घेऊन येतो, तो मुहंदिस. आणि ज्याला आपण मिस्त्री म्हणतो, तो शब्द पोर्तुगीजांच्या ‘मेस्त्रे’वरून आला, म्हणजे उस्ताद. एक मोजणारा, दुसरा हाताने करणारा. दोघांचे नाते फार जुने आहे आणि ते कधीच सरळ नव्हते.

विटा रचणारी, गिलावा करणारी, जमिनीवर आखणी करणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपन्या आता जगभर निघाल्या आहेत. माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका छोट्या स्टार्टअपमध्ये इंजिनीअर आहे. उर्दू शाळेत दहावी, मग डिप्लोमा, मग पदवी. तो भिंतीला गिलावा करणाऱ्या यंत्रावर काम करतो आणि त्याचे अब्बा आजही गिलाव्याची कामे घेतात. घरात यावर भांडण नाही, पण बोलणेही नाही. त्याने मला विचारले, “सर, हे सगळं सुरू कुठून झालं, याबद्दल काही वाचलंय का तुम्ही?” त्यानंतर काही महिने मी जे वाचले, त्यातले काही इथे मांडतो.

आधी एक गोष्ट बाजूला ठेवतो. ‘रोबोटचा शोध अल-जझरीने लावला’ असे व्हॉट्सअॅप संदेश आपल्याकडे वर्षातून दोनदा तरी फिरतात. अल-जझरी मोठा माणूस होता, यात वाद नाही. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर येथे त्याने अर्तुकी सुलतानांकडे पंचवीस वर्षे चाकरी केली आणि १२०६ मध्ये आपल्या यंत्रांचे पुस्तक पुरे केले. पाणी उपसणारी यंत्रे, घड्याळे, हात धुण्यासाठी पाणी ओतणाऱ्या बाहुल्या, सगळे त्यात आहे. पण या बाहुल्या पाण्याच्या वजनावर आणि तरफांवर चालत. समोरची परिस्थिती बघून त्या काही ठरवत नसत. मला अल-जझरीचा मोठेपणा दुसरीकडे दिसतो. प्रत्यक्ष करून न पाहिलेल्या विद्येवर त्याचा विश्वास नव्हता, आणि दुसऱ्या कारागिराला वस्तू बनवता यावी अशा बेताने त्याने मापे आणि कृती लिहून ठेवल्या. तो मुहंदिसही होता आणि मिस्त्रीही.

आता थेट अमेरिकेत येऊ. १८८५ साली फ्रँक गिल्ब्रेथ नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने एमआयटीची प्रवेश परीक्षा पास होऊनही कॉलेजचा नाद सोडला आणि बॉस्टनमध्ये गवंड्याच्या हाताखाली उमेदवारी धरली. पहिल्याच दिवसांत त्याच्या लक्षात आले की कोणतेही दोन गवंडी वीट एकसारखी लावत नाहीत. पुढची गोष्ट त्याहून मजेची. शिकवणारा गवंडी सावकाश काम करताना एका पद्धतीने हात हलवतो, घाईत दुसऱ्या पद्धतीने, आणि शिकाऊ मुलाला दाखवताना तिसऱ्याच पद्धतीने! मी वीस वर्षे वर्गात उभा आहे, त्यामुळे हे वाचून मला हसू आवरले नाही. बी.एड.ला असताना पाठ टाचणात जे लिहीत होतो, ते आणि वर्गात प्रत्यक्ष घडते ते, यांचे नातेही असेच असते. उस्तादाच्या हाताला जे ठाऊक असते, ते त्याच्या तोंडाला सांगता येतेच असे नाही.

गिल्ब्रेथने एकेक हालचाल मोजली. गवंडी दर विटेला कमरेत वाकतो, म्हणजे एक वीट उचलण्यासाठी तो स्वतःचे अर्धे अंगही उचलतो, हे त्याने हेरले. मग त्याने वर-खाली करता येणारी परांची बनवली. विटा आणि माल गवंड्याच्या हाताच्या उंचीवर राहतील अशी सोय केली. बिगारीने विटा आधीच निवडून, चांगली बाजू बाहेर ठेवून रचायच्या. एका विटेमागच्या अठरा हालचाली पाचावर आल्या. टेलरने १९११ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात आकडा दिला आहे: तासाला १२० विटा लावणारा गवंडी ३५० विटा लावू लागला. कामगार संघटनांना हे सगळेच रुचले नाही आणि त्यांची शंका रास्त होती. विटा तिप्पट झाल्या, तर मजुरी किती वाढणार, आणि उरलेले गवंडी कुठे जाणार? तरी एक गोष्ट गिल्ब्रेथच्या बाजूने मांडली पाहिजे. त्याने गवंड्याची कंबर वाचवली. आणि हे त्याला सुचले, कारण त्याची स्वतःची कंबर आधी दुखली होती.

यंत्राने हात कधी धरला? १९६१ मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात युनिमेट हा पहिला औद्योगिक रोबोट कामाला लागला. मोटारींच्या कारखान्यांत रोबोट पुढे झपाट्याने पसरले, पण इमारतीच्या साइटवर दोन दशके कोणी फिरकले नाही. कारण साधे आहे. कारखान्यात यंत्र एका जागी पक्के असते आणि वस्तू त्याच्याकडे सरकत येते. साइटवर उलटे. भिंत जागेवर, आणि यंत्राने तिच्याकडे जायचे. तेही चिखलातून, सळयांच्या ढिगाऱ्यावरून, कालच ओतलेल्या स्लॅबवरून. शिवाय आज जिथून गेलो तिथे उद्या विटांचा ढीग असतो. नकाशात भिंत काटकोनात असते. गुण्या लावून बघा, तशी ती क्वचितच निघते. माझा विद्यार्थी सांगतो की त्याच्या कामातला मोठा वेळ ‘यंत्राने काय करायचे’ यात जात नाही, ‘यंत्र आत्ता नेमके कुठे उभे आहे’ हे यंत्राला कळावे यात जातो. गवंडी ओळंबा सोडतो, सूत ताणतो आणि एका नजरेत ते ठरवतो. त्या एका नजरेसाठी लेझर, कॅमेरे आणि पानोपानी गणित लागते. वरून सिमेंटची धूळ लेन्सवर बसते, ती फडक्याने पुसायची. इंजिनीअर म्हणून रुजू झालेला मुलगा निम्मा दिवस फडके घेऊन उभा असतो, हेही त्यानेच सांगितले.

या वाटेवर मोठे पाऊल टाकले ते जपानने. १९८२ मध्ये वासेदा विद्यापीठाने कंपन्यांना सोबत घेऊन बांधकाम रोबोटांवर संशोधन हाती घेतले. १९८३ मध्ये शिमिझू कंपनीने पोलादी तुळयांवर आगरोधक लेप फवारणारा रोबोट साइटवर आणला. जपानी तरुण बांधकामाकडे पाठ फिरवू लागले होते. अशा कामांना तिथे तीन ‘क’ म्हणतात: कितानाई, किकेन, कित्सुई. म्हणजे घाण, धोक्याचे, कष्टाचे. फवारणीच्या कामात हे तिन्ही ‘क’ होते, म्हणून तिथून सुरुवात झाली, हे मला शहाणपणाचे वाटते. पुढे हाव वाढली. १९९० च्या दशकात ओबायाशी आणि शिमिझू यांनी इमारतीच्या माथ्यावर आख्खा कारखानाच बसवला. छपराखाली क्रेन आणि यंत्रे मजला पुरा करत, मग तो कारखाना जॅकने एक मजला वर चढे. नागोयात वीस मजली इमारत अशी उभी राहिली. पण तोवर जपानी अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला होता. एकेका कामासाठी बनवलेल्या कित्येक रोबोटांची गत अशी झाली की यंत्राचा हात भरभर चाले, पण त्याला जागेवर नेणे, बसवणे, साफ करणे यात वाचलेला वेळ खर्च होई.

टिकले काय ते पाहा. १९९१ मध्ये उन्झेन ज्वालामुखीच्या तप्त लोटात ४३ माणसे गेली. पुढे तिथे गाळ अडवण्याचे बांध घालायचे होते आणि माणूस पाठवणे म्हणजे त्याला मरायला पाठवणे. तेव्हा दूरवरून चालवायची खोदयंत्रे आणि डंपर वापरले गेले, आणि ते तंत्र जपानने पुढे जपले. अमेरिकेतही थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत १९७९ च्या अपघातानंतर किरणोत्सर्गाने भरलेल्या तळघरात उतरणारी यंत्रे पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रेड व्हिटेकर यांनी बनवली. ते मूळचे स्थापत्य अभियंता. जिथे माणसाने जाऊच नये, तिथे यंत्राने जाण्याला कोणत्याही मजुराचा आक्षेप नसतो.

स्टार्टअपची पिढी त्यानंतरची. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हिक्टर या गावी २००७ मध्ये ‘कन्स्ट्रक्शन रोबोटिक्स’ ही कंपनी निघाली आणि २०१५ च्या सुमारास तिचा ‘सॅम’ बाजारात आला. या तीन अक्षरांचा अर्थ ‘अर्ध-स्वयंचलित गवंडी’ असा होतो. नावातच ‘अर्ध’ आहे, हा प्रामाणिकपणा मला आवडला. सॅम विटेला माल लावतो आणि ओळीत ठेवतो. कोपरे माणसाने रचायचे, दर्जा माणसाने भरायच्या, सांडलेला माल थापीने माणसानेच काढायचा. गवंडी दिवसाला सुमारे ५०० विटा लावतो आणि सॅम ३,००० लावू शकतो, असा कंपनीचा दावा होता. लांब, सपाट, खिडक्या कमी असलेल्या भिंतीवर तो खरा होत असेल. पण ऊन वाढले की माल आवळतो, पाऊस आला की सैल होतो. थापीवर घेताच गवंड्याला हे कळते, यंत्राला शिकवावे लागते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरातील ‘हेड्रियन’ या यंत्राच्या निर्मात्यांनी ही डोकेदुखी वेगळ्या प्रकारे सोडवली. त्यांनी माल काढूनच टाकला आणि विटा चिकटवायला गोंदासारखे रसायन घेतले. सॅमच्या कंपनीने पुढे ‘म्यूल’ नावाचे यंत्रही आणले, म्हणजे खेचर. ते काही रचत नाही. फक्त जड ब्लॉकचे वजन तोलून धरते, बसवतो गवंडीच. गिल्ब्रेथची परांचीच ही, नव्या अवतारात.

कॅलिफोर्नियात टेसा लाऊ यांनी २०१८ मध्ये ‘डस्टी रोबोटिक्स’ काढली. तिचे यंत्र भिंत उभारत नाही; नकाशा थेट जमिनीवर छापते, भिंत कुठे, दार कुठे. आपल्याकडे रंगाची दोरी ताणून सूत मारतात, ते काम. सर्वांत कमी दिमाखाचे हे यंत्र मला सर्वांत जास्त पटले.

मग येतात बेहरोख खोशनेविस. इराणमध्ये जन्मलेले हे प्राध्यापक लॉस एंजेलिसला शिकवत. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात घराच्या भिंतीला तडा गेला, तो थापीने बुजवताना त्यांच्या मनात आले की हाच हात यंत्राला दिला तर? त्यातून थरावर थर ओतून, बाजूने थापी फिरवत भिंत उभी करण्याची त्यांची पद्धत आली. घर ‘छापण्या’च्या आजच्या कल्पनेच्या मुळाशी ती आहे. दुबईने २०१६ मध्ये असे छापलेले कार्यालय उघडले आणि २०३० पर्यंत आपल्या २५ टक्के इमारतींत हे तंत्र वापरायचे जाहीर केले. मजूर कमी लागावेत हा हेतू लपवलेला नव्हता. आता दुबईतले मजूर कोण आहेत? बिहार, उत्तर प्रदेश, केरळ, तेलंगणा, पाकिस्तान, बांगलादेश. रत्नागिरी-रायगडच्या कित्येक घरांची कौले जाऊन स्लॅब आला, तो आखातातल्या रियालांवर आणि दिरहमांवर. त्यामुळे हा आकडा आपल्यासाठी फक्त तंत्रज्ञानाची बातमी नाही. भारतातही बेंगळुरूमध्ये २०२३ मध्ये १,०२१ चौरस फुटांचे छापील टपाल कार्यालय उभे राहिले. लार्सन अँड टुब्रोने ते ४३ दिवसांत पुरे केले, आयआयटी मद्रासच्या मार्गदर्शनाखाली.

जपानमध्ये यंत्र आले, कारण माणूस मिळत नव्हता. आपल्याकडे सकाळी आठ वाजता कोणत्याही शहराच्या मजूर नाक्यावर उभे राहा. माणूस मिळत नाही असे म्हणण्याची हिंमत होणार नाही. मात्र चांगला गिलावा करणारा हात मिळत नाही, ही तक्रार ठेकेदार सगळीकडे करतात आणि ती खोटी नाही. गवंड्याची मुले गवंडी होत नाहीत. का व्हावीत? परांचीवरून पडलेल्या माणसाला आपण काय देतो, हे त्या मुलांनी घरात पाहिलेले असते. माझ्या विद्यार्थ्याच्या अब्बांनीही मुलाला कधी थापी धरू दिली नाही.

अलीकडे त्याच्या कंपनीने आठवडाभरासाठी दोन जुन्या कारागिरांना बोलावले. भिंतीवर माल मारताना मनगट कसे फिरते, रंधा किती दाबतो, हे कॅमेऱ्यांनी आणि हाताला बांधलेल्या सेन्सरनी टिपायचे होते. पहिल्या दिवशी दोघेही कॅमेऱ्यासमोर अतिशय सावकाश, सुबक काम करत राहिले. तेव्हा माझ्या विद्यार्थ्याने साहेबांना गिल्ब्रेथची गोष्ट सांगितली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना नेहमीच्या साइटवर, नेहमीच्या घाईत काम करू देण्यात आले. त्याच दिवसाची नोंद उपयोगी पडली. मी त्याला विचारले, या नोंदीबद्दल त्या दोघांना काय मिळाले?

“रोज दिला, सर. नेहमीपेक्षा दोनशे जास्त.”

“आणि यंत्र विकले गेले की?”

“ते अजून कुणी विचारलं नाही,” तो म्हणाला. पुढच्या महिन्यात आणखी चार कारागीर बोलावणार आहेत, त्यांत अब्बांचे नाव सुचवावे की नाही, हे त्याचे अजून ठरलेले नाही.