लॉस एंजेलिसच्या फ्रीवेवरून ट्रॅव्हल ट्रेलर नेताना



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्यापैकी दोन-चार कुटुंबांचा तरी ट्रेलर घेऊन सेक्वोया नाहीतर योसेमिटीला जाण्याचा बेत ठरतो. डोंगरातल्या चढ-उतारांची चौकशी सगळे करतात. खरी परीक्षा मात्र घर सोडल्यावर पहिल्या तासातच होते, शहरातल्या फ्रीवेवर. त्या तासाबद्दल आम्हाला जे ठाऊक आहे ते इथे देत आहोत.

आधी कायदा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला ताशी ५५ मैलांची मर्यादा आहे, पाटीवर ६५ लिहिले असले तरी. चालायचे उजव्या लेनमधून. एका दिशेला चार किंवा जास्त लेन असतील तर उजवीकडून दुसरी लेनही चालते. कारपूल लेन बंद, गाडीत सहा माणसे असली तरी. ट्रेलरमुळे मागचे दिसत नसेल तर दोन्ही बाजूंना किमान २०० फूट मागचे दाखवणारे आरसे हवेत. आणि "आजी-आजोबा मागे पलंगावर आडवे होतील" हा विचार मनातून काढून टाकावा. चालत्या ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये माणसे बसवणे बेकायदा आहे, आणि धोक्याचेही.

आता सामान. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर पडायला हवा. म्हणजे ट्रेलर ६,००० पौंडांचा असेल तर ६०० ते ९०० पौंड. हा भार कमी पडला की ट्रेलर मागे शेपटासारखा डोलू लागतो. आपल्या लोकांची चूक इथेच होते. तांदळाची गोणी, दोन कुकर, बर्फाने भरलेला कूलर असे सगळे जड सामान मागच्या दाराजवळ रचले जाते. ते चाकांच्या थोडे पुढे, जमिनीलगत ठेवावे. पाण्याच्या ४० गॅलनच्या टाकीचेच वजन ३३० पौंडांच्या आसपास भरते. ती कुठे बसवली आहे ते पाहून मगच भरावी. हिचवरचा भार गाडीच्या क्षमतेतही मोजला जातो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेल्या आकड्यात माणसे, सामान आणि हिचवरचा भार, तिन्ही बसायला हवेत. एसयूव्ही कितीही मोठी दिसो, सहा जण बसल्यावर हे गणित बरेचदा चुकते.

निघण्यापूर्वी रिकाम्या रस्त्यावर ताशी २० ते २५ मैल वेगात ब्रेक कंट्रोलरचा हाताने दाबायचा खटका दाबून पाहावा. ट्रेलर ठामपणे मागे ओढला गेला पाहिजे, पण चाके जाम होऊन घासता कामा नयेत.

फ्रीवेवर शिरताना रॅम्पची पूर्ण लांबी वापरावी. चार-पाच लेन असतील तिथे शिरल्यावर उजवीकडून दुसऱ्या लेनमध्ये जावे. अगदी उजवीकडची लेन शहरात दर मैलाला कोणाला तरी आत घेते, आणि अचानक "एक्झिट ओन्ली" होऊन संपते. लेन बदलण्याआधी चांगले आठ-दहा सेकंद सिग्नल द्यावा आणि शेजारी बसलेल्याने उजव्या बाजूवर नजर ठेवावी. एक्झिट चुकली तर चुकली! पुढच्या एक्झिटने परत यावे. शेवटच्या क्षणी तीन लेन ओलांडायला आपल्यामागे पंचवीस फुटांची खोली नसती तर गोष्ट वेगळी.

सगळ्यात कठीण म्हणजे पुढचे अंतर राखणे. ५५ च्या वेगात गाडी सेकंदाला सुमारे ८० फूट जाते. ट्रेलरसह थांबायला पाच सेकंदांचे, म्हणजे ४०० फुटांचे अंतर आम्ही ठेवतो. लॉस एंजेलिसमध्ये एवढी मोकळी जागा दिसली की कोणीतरी घुसतेच. पहिल्या सहलीत आम्हाला याचा इतका राग येई की आम्ही अंतर कमी करत गेलो, आणि ४०५ वर पुढचे दिवे एकदम लाल झाले तेव्हा जेमतेम हातभर जागा उरली. मागच्या सीटवर मुले होती. त्या रात्री कॅम्पमध्ये हिशेब केला: एक गाडी घुसली की अंतर पुन्हा मिळवायला दोन-तीन सेकंद जातात. वीस गाड्या घुसल्या तरी तोटा एका मिनिटाचा! तेव्हापासून ॲक्सिलरेटर किंचित सोडतो आणि घुसू देतो.

मोठा ट्रक बाजूने गेला की हवा ट्रेलरला आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे. डोलणे थांबत नसेल तर पायाने ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नये आणि वेगही वाढवू नये. ॲक्सिलरेटर सोडून कंट्रोलरचा खटका हाताने हळूहळू दाबावा. ट्रेलरचे ब्रेक एकटे लागले की तो मागून ताणला जाऊन सरळ होतो.

रस्ता निवडताना नॅव्हिगेशनवर विसंबू नये. आपल्यामागे ट्रेलर आहे हे साध्या ॲपला कळत नाही. ऑरेंज काउंटीकडून निघणाऱ्यांनी डाउनटाउन टाळून ६०५ ने उत्तरेला, तिथून २१० ने पश्चिमेला जाऊन सिल्मारजवळ ५ गाठावा. मैल थोडे वाढतात, पण लेन कमी बदलाव्या लागतात. पासाडेनाचा जुना ११० नकोच. १९४० च्या त्या रस्त्याचे रॅम्प इतके आखूड आहेत की काही ठिकाणी स्टॉप साइनपासूनच वेग घ्यावा लागतो. शुक्रवारी दुपारी तर निघूच नये. पहाटे पाचच्या आत शहर ओलांडावे, चहा पलीकडे गेल्यावर. आणि शरद ऋतूत किंवा हिवाळ्यात सांता आना वाऱ्यांचा इशारा असेल तर फोंटाना आणि काहोन पासच्या बाजूला त्या दिवशी ट्रेलर नेऊ नये, बुकिंगचे पैसे बुडाले तरी चालतील.