तुरुंगातले मनोरुग्ण : आकड्यामागचा इतिहास

तुरुंगात मानसिक आजार किती, हा प्रश्न आपण सहसा डॉक्टरांना विचारतो. आज तो इतिहासाला विचारू या.

आधी आकडे बघू. २००२ साली फझेल आणि डॅनेश या संशोधकांनी १२ देशांतली ६२ सर्वेक्षणं एकत्र केली. जवळपास २३ हजार कैदी. त्यांत सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा आजार, पुरुषांमध्ये ३.७ टक्के, तीव्र नैराश्य १० टक्के. बाहेरच्या समाजापेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. आपल्याकडे बंगळुरूच्या मध्यवर्ती कारागृहात निम्हान्सने ५,०२४ कैदी तपासले. २०११ साली अहवाल आला : ७९.६ टक्के लोकांना मानसिक आजार किंवा व्यसन. आता यातून व्यसन बाजूला काढा. उरतात २७.६ टक्के. म्हणजे आकडा ऐकला की आधी विचारायचं, यात मोजलंय काय?

आणि दुसरा प्रश्न : ही माणसं आत आली कशी?

इथे इतिहास सुरू होतो. १९१२च्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’नुसार भटकणाऱ्या वेडसर माणसाला पोलीस पकडू शकत. मॅजिस्ट्रेट त्याला निरीक्षणाखाली ठेवू शकत. हे फक्त काही दिवसांसाठी, असं कायदा सांगतो. पण इस्पितळात जागा नसली की माणूस जायचा तुरुंगात, आणि तिथेच राहायचा. दफ्तरात त्यासाठी शब्द होता, ‘नॉन-क्रिमिनल ल्युनॅटिक’. गुन्हा नाही, तरी कैद!

मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी पश्चिम बंगालमधल्या अशा कैद्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. १९९३ साली न्यायालयाने सांगितलं की, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणं बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. लक्षात घ्या, स्वातंत्र्याला तेव्हा ४६ वर्षं झाली होती.

ज्यांच्यावर आरोप होता, त्यांचं काय? आसाममधल्या एका माणसाला १९५१ साली अटक झाली. त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडलं. १९६७ साली डॉक्टरांनी तो बरा असल्याचं कळवलं. मग घरी सोडलं? नाही हो, गुवाहाटीच्या तुरुंगात! खटला चाललाच नाही. तो सुटला २००५ साली, ५४ वर्षांनी.

म्हणून मंडळी, ‘गुन्हेगार मुळातच मनाने आजारी असतात’ असा अर्थ या आकड्यांतून काढू नका. काही जण आजारामुळेच आत आले. काही जण आजाराचा शिक्का बसल्यामुळे बाहेर येऊ शकले नाहीत. आणि काही जण धडधाकट आत गेले, पण कोंडवाड्याने खचले. सर्वेक्षणात हे तिघंही एकाच रकान्यात दिसतात.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आता अशा माणसाला कोठडीत किंवा तुरुंगात डांबायला मनाई करतो. कायदा चांगला आहे. पण निरीक्षण काही दिवसांचंच, हेही १९१२च्या कायद्यात लिहिलेलंच होतं की! तेव्हा कमी पडली ती इस्पितळातली खाट, आणि चौकशी करणारं माणूस. आज या दोन्ही गोष्टी आहेत का, हे आपापल्या जिल्ह्यात विचारून बघा.