यूरिया, पशुखाद्यातील

खत म्हणून सर्वपरिचित असलेले हे नायट्रोजनयुक्त कार्बनी संयुग रवंथ करणाऱ्या जनावरांच्या खाद्यात प्रथिनांची उणीव भरून काढण्यासाठीही वापरतात. बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात जनावरे वर्षातील बरेच महिने ज्वारीचा कडबा, गव्हाचे काड व उसाचे वाढे यांवर काढतात. तेथे या वापराला विशेष महत्त्व आहे आणि तेथेच तो अत्यंत जपून करावा लागतो.

रूएल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १७७३ मध्ये मूत्रातून यूरिया वेगळा केला. फ्रीड्रिख व्होलर यांनी १८२८ मध्ये तो अमोनियम सायनेटापासून कृत्रिम रीत्या बनविला. आजची औद्योगिक कृती वेगळी आहे. अमोनिया व कार्बन डाय-ऑक्साइड यांचा उच्च दाबाखाली संयोग घडवून अमोनियम कार्बामेट मिळवितात व त्यातील पाण्याचा अंश निघून गेला की यूरिया तयार होतो. महाराष्ट्रात तुर्भे (मुंबई) व थळ (जि. रायगड) येथील कारखान्यांत त्याचे उत्पादन होते.

खाद्याशी त्याचा संबंध जोडला गेला तो पचनक्रियेच्या अभ्यासामुळे. गाई-म्हशींच्या पोटातील पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव साध्या नायट्रोजनी संयुगांपासून प्रथिने बनवितात, असे मत जर्मन शास्त्रज्ञ नाथान त्सुंट्स यांनी १८९१ मध्ये मांडले. पहिल्या महायुद्धात पेंडीची आयात खुंटल्यावर जर्मनीत यूरिया चारण्याचे प्रयत्न झाले. फिनलंडमधील आर्तुरी व्हिर्तानेन यांनी १९६० नंतर, प्रथिनविरहित खाद्यात यूरिया व अमोनियम लवणे घालून गाई दुभत्या ठेवता येतात, हे दाखवून दिले.

यूरियात सु. ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे १ किग्रॅ. यूरियातील नायट्रोजन २·८७ किग्रॅ. प्रथिनांतील नायट्रोजनाइतका भरतो. हा हिशेब मोहात पाडणारा आहे. सूक्ष्मजीवांना प्रथिने बनविण्यासाठी त्याच वेळी पिठूळ वा शर्करायुक्त खाद्यही लागते. त्यामुळे यूरियाबरोबर साखर कारखान्यातील मळी देतात. मळी, यूरिया व खनिजे यांच्या चाटणविटाही करतात.

निकृष्ट चाऱ्यावर प्रक्रिया करणे ही शेतकऱ्याला अधिक सोयीची रीत होय. १०० किग्रॅ. काडावर ४ किग्रॅ. यूरिया सु. ५० लि. पाण्यात विरघळवून शिंपडतात आणि ढीग दाबून, हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवतात. सुटलेल्या अमोनियामुळे काड मऊ पडते व अधिक पचते. त्यातील कच्च्या प्रथिनांचे प्रमाणही वाढते. उघडल्यावर उग्र वास जाईपर्यंत ते पसरून मगच चारतात.

२०१२-१३ व २०१८-१९ च्या दुष्काळांत बीड जिल्ह्यात जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. अशा वेळी चारा टंचाईने यूरियाची गरज वाढते. पण उपाशी जनावरच त्याच्या विषबाधेला लवकर बळी पडते. पोटात मळी वा धान्य नसेल, तर सूक्ष्मजीवांना वापरता न आलेला अमोनिया रक्तात शिरतो. जनावर थरथरते, तोंडाला फेस येतो, पोट फुगते आणि काही वेळा तासा-दोन तासांतच ते दगावते. उसासाठी आणलेले खताचे पोते गोठ्यालगत ठेवण्याची सवय म्हणूनच घातक ठरते. खाद्यातील यूरियाचे प्रमाण एकूण शुष्क आहाराच्या १ टक्क्याहून अधिक नसावे व ते हळूहळू वाढवीत न्यावे. सहा महिन्यांखालील वासरांना, तसेच घोडे व डुकरे यांना तो देत नाहीत. विषबाधा झाल्यास पशुवैद्य येईपर्यंत व्हिनेगर व भरपूर थंड पाणी पाजतात.