ब्लूग्रासचं कूळ

लहानपणापासून मी ज्याला बेंजो म्हणत आलो, तो बेंजो नव्हेच. गणपतीच्या मिरवणुकीत सगळ्या गलबल्याच्या वर ज्याचा सूर चढतो, ज्यावर कोळीगीत सुरू झालं की म्हातारेकोतारेही ठेका धरतात, ते वाद्य म्हणजे विजेवर चालणारं बुलबुलतरंग. टाइपरायटरसारखी बटणं, त्यांच्याखाली तारा. त्याचं मूळ जपानात आहे: नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 साली बनवलेलं ताइशोगोतो. आपल्याकडे त्याला नाव मात्र चिकटलं ते भलत्याच वाद्याचं. ते खरं वाद्य कसं वाजतं हे शोधता शोधता मी ब्लूग्रासपाशी येऊन पोचलो आणि तिथेच रमलो.

पहिल्यांदा ऐकलं ते 'फॉगी माउंटन ब्रेकडाउन'. अर्ल स्क्रग्ज यांच्या बॅन्जोवरची ही रचना 1949च्या डिसेंबरात मुद्रित झाली आणि 1967च्या 'बॉनी अँड क्लाइड' या चित्रपटामुळे जगभर पोचली. तेव्हा माझ्या कानाला फक्त वेग कळला. पुष्कळ दिवस मी वेगासाठीच ऐकत होतो. मग एकदा सहज मांडीवर केरव्याच्या आठ मात्रा मोजत ऐकलं आणि चमकलो. स्क्रग्ज उजव्या हाताची तीनच बोटं वापरतात: अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट. तिन्हींवर नख्या चढवलेल्या. बोटं तीन आणि मात्रा आठ, त्यामुळे हिशेब सरळ बसत नाही. तीन, तीन आणि दोन असे तुकडे पडतात. वजन कधी टाळीवर येतं, कधी टाळीच्या जरा आधी. सूर सतत पुढे झुकलेला वाटतो तो यामुळे. नुसत्या वेगानं माणूस दिपतो, पण पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं ते या हिशेबामुळे.

या संगीताबद्दलचा एक समज मात्र आधी काढून टाकायला हवा. पुष्कळांना ते अॅपलाशियन डोंगरात शतकानुशतकं चालत आलेलं लोकसंगीत वाटतं. त्यातली गाणी आणि धून जुन्या असतील, पण ब्लूग्रास ही शैली विसाव्या शतकातली आहे आणि तिचा कर्ता आपल्याला नावानिशी माहीत आहे. बिल मन्रो यांचा जन्म 13 सप्टेंबर 1911चा, केंटकी राज्यातल्या रोझीन गावाजवळचा. आठ भावंडांत ते शेंडेफळ. व्हायोलिन (तिथल्या भाषेत फिडल) आणि गिटार थोरल्या भावांनी आधीच घेतलेली, म्हणून याच्या वाट्याला मँडोलिन आलं. त्याच्याही आठ तारांपैकी चारच ठेवायच्या, म्हणजे फार आवाज होणार नाही, असं भावांनी बजावल्याचं सांगतात. दहाव्या वर्षी आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. मग हा मुलगा पेन मामांकडे राहिला. मामा गावातल्या नाचांना फिडल वाजवायचे आणि भाचा साथीला बसायचा.

पुढे 1939च्या ऑक्टोबरात मन्रो आपला संच घेऊन नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात उभे राहिले. संचाचं नाव 'ब्लू ग्रास बॉइज', केंटकीच्या टोपणनावावरून घेतलेलं. गंमत अशी, की तिथले लोक ब्लूग्रास म्हणतात तो मुलूख लेक्सिंग्टनच्या भोवतीचा. रोझीन राज्याच्या पश्चिमेला, तिथून बरंच लांब. म्हणजे या शैलीला नाव मिळालं ते मन्रो यांच्या गावाच्या मातीवरून नव्हे, त्यांच्या संचाच्या पाटीवरून. तेही उशिरा. शैलीला म्हणून हे नाव रुळलं ते 1950नंतरच्या दशकात, इतर संच तसंच वाजवू लागल्यावर.

मन्रो यांच्या संचात 1945 साली लेस्टर फ्लॅट गिटार घेऊन आले, आणि वर्ष संपता संपता स्क्रग्ज. ते नॉर्थ कॅरोलिनाचे, जेमतेम 21 वर्षांचे. फिडलवर चबी वाइज, बासवर हॉवर्ड वॉट्स. या पाच जणांनी 16 आणि 17 सप्टेंबर 1946 रोजी शिकागोत जे मुद्रण केलं, ते माझ्या मते ब्लूग्रासचं जन्मटिपण. 'ब्लू मून ऑफ केंटकी' त्याच बैठकीतलं. त्यात तबला नाही, ढोल नाही, कुठलंच तालवाद्य नाही. मग ठेका देतं कोण? मला हे कळायला वर्ष गेलं. मन्रो मँडोलिनच्या तारा छेडून लगेच डाव्या बोटांनी दाबतात. सूर मरतो आणि उरतो तो नुसता 'चक्'. बासचा ठोका समेवर, हा 'चक्' त्याच्या मधल्या जागेत. एकदा तो ऐकू आला की मग बॅन्जोकडे लक्षच जात नाही.

त्यानंतर माझा कान गळ्याकडे वळला. सुरुवातीला मन्रो यांचा उंच, चिरका आवाज मी कसाबसा सोसत होतो. आज मला त्या आवाजाशिवाय ब्लूग्रास अळणी लागतं. त्या उंचीत आनंद नाही. डोंगरातल्या चर्चमधलं सामूहिक गाणं आणि कृष्णवर्णीयांचं ब्लूज, दोन्हींची ओढ त्यात आहे.

तिथून मागेच जावं लागतं, बॅन्जोच्या मुळापर्यंत. बॅन्जोची पाचवी तार इतर चारांहून आखूड असते. तिची खुंटी दांड्याच्या मध्यावरच बसवलेली असते आणि ती अंगठ्यानं छेडतात. सगळं सुरू असताना एकच उंच सूर ती मध्येमध्ये टोचत राहते. सेनेगल-गांबियातल्या जोला लोकांचं अकोंटिंग हे वाद्य मी ऐकलं, तेव्हा तो टोचणारा सूर लगेच ओळखू आला. भोपळ्यावर कातडं ताणलेलं, तीन तारा, त्यातली एक आखूड, आणि तीही अंगठ्याखाली. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत आपल्या आठवणीतून अशी वाद्यं घडवली. बॅन्जो त्यातूनच आला. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या कलावंतांनी तोंडाला काळं फासून, त्याच माणसांची नक्कल करत तो रंगमंचावर वाजवला आणि त्यावर लोकप्रियता मिळवली. पुढे डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्यांचं वाद्य म्हणून तो ओळखला जाऊ लागला, आणि ज्यांनी तो आणला त्यांची नावं मागे पडली.

मन्रो यांनी स्वतः मात्र एक नाव आवर्जून घेतलं. अर्नोल्ड शुल्ट्झ. त्याच परिसरातले, कोळशाच्या खाणीत काम करणारे कृष्णवर्णीय वादक. गिटार आणि फिडल दोन्हींवर हात. कोवळ्या वयात मन्रो यांनी त्यांच्या साथीला नाचांमध्ये गिटार वाजवली, आणि आपल्या संगीतातलं ब्लूज त्यांच्याकडून आलं असं ते सांगत राहिले. वेगापासून ठेक्याकडे, ठेक्यापासून गळ्याकडे आणि गळ्यापासून ब्लूजकडे जाणारी माझी वाट याच माणसाच्या दारात येऊन थांबते. शुल्ट्झ 1931 साली वारले. त्यांच्या वादनाचं एकही ध्वनिमुद्रण नाही.